वरची तार

"पाठवा पोरीला," असं मीच सांगितलं. माझ्या सुनेनं नाही, मुलानंही नाही. मुलगा वॉरन तर घरात नव्हताच, गड्याला घेऊन दोन दिवसांपूर्वी रेल्वेच्या गावी कोळसा आणायला गेला होता. घरात मी, माझी सून लोव्हिना आणि तिचं पाच महिन्यांचं तान्हं. आणि तीन मैलांवर शाळेत डेला, माझी नात, वय वर्षं नऊ.

मार्चची सहा तारीख होती. साडेबाराच्या सुमाराला शाळेच्या बाई, मिस प्रुइट, यांचा फोन आला. आयोवाकडची पोरगी, वायोमिंगमधला तिचा पहिलाच हिवाळा. बोलायची अशी की जणू कुणी मागून धपाटा घालणार आहे.

"ऑर्फाबाई, उत्तरेकडं आभाळ काहीतरी वेगळंच दिसतंय. डेलाला आज इथंच ठेवून घेऊ का? इतर मुलंही राहताहेत. कोळसा आहे, बटाटे आहेत."

मी खिडकीतून पाहिलं. टेकाडामागं एक काळी-निळी पट्टी होती, कागदावर शाई सांडल्यासारखी. वारा अजिबात नव्हता. आमच्याकडं मार्चमध्ये वारा पडला म्हणजे तो कुठंतरी दबा धरून बसलाय, हे मला कुणी शिकवायला नको. चाळीस वर्षं काढली आहेत मी या ओढ्यावर. मी "ठेवून घ्या" म्हणणारच होते.

तेवढ्यात कानात कट्, कट्, कट् असं झालं.

आमच्या एकझाडी ओढ्यावर फोनला वेगळी तार नाही. कंपनी कशाला येतेय इथं मरायला! कुंपणाची सगळ्यात वरची काटेरी तार, तीच आमची फोनची तार. खांबाखांबावर बाटल्यांच्या माना ठोकून ती त्यांच्यावरून नेलेली आहे. पेटीचं हँडल गरागरा फिरवलं की अकराच्या अकरा घरांत घंटी वाजते. आमची घंटी एक लांब, दोन आखूड. शाळेची तीन आखूड. घंटी कुणाचीही असो, रिसीव्हर सगळेच उचलतात. जितके उचलतात तितका आवाज बारीक होतो, तरी उचलतात. मीही उचलते. खोटं कशाला सांगू?

तर सगळे ऐकत होते. मेंढ्यावाला म्हातारा जॅस्पर ट्रिंबल तर नक्कीच, कारण त्याला खोकला दाबता येत नाही. आणि मागच्या हिवाळ्यात मीच याच तारेवर, सगळ्यांदेखत, म्हटलं होतं की हॉगनांची पोरं आभाळातून दोन कण पडले की शाळेत अंथरूण घालतात.

आता मागं कशी येऊ?

"मिस प्रुइट," मी म्हटलं, "किनेअरांची पोर ढगाला भिऊन बाकावर झोपत नाही. तिच्या पेनी तट्टाला वाट पाठ आहे. पाठवा तिला."

ट्रिंबल तारेवरच खुसखुसला. "शाब्बास, ऑर्फाबाई. आभाळालाच दम देऊन टाका."

"तू तुझ्या मेंढ्या मोज," मी म्हटलं आणि रिसीव्हर ठेवला.

लोव्हिना पीठ मळत होती. हात तसेच पिठात ठेवून म्हणाली, "आई, राहू द्यायची होती तिला."

"तीन मैल तर आहे."

"आभाळ बघितलंत ना?"

"मी बघितलं. तू भाकरीकडं बघ."

ती परत पीठ मळायला लागली. लोव्हिना बोलत नाही, हा तिचा गुण आहे असं मी तोवर समजत होते.

*

एक वाजून वीस मिनिटांनी ते आलं. आधी कोंबड्या एकदम गप्प झाल्या. मग दूरवर आगगाडीसारखा आवाज, आणि आमच्याकडं आगगाडी चाळीस मैलांवर. मी दारात जाईपर्यंत टेकाड गेलं, गोठा गेला, अंगणातला पंप गेला. पंप दारापासून बारा पावलांवर आहे. दार लावायला आम्हा दोघींचं वजन लागलं. खिडकीला बाहेरून कुणी पांढरी चादर खिळ्यांनी ठोकावी तसं झालं, आणि भिंती कण्हायला लागल्या.

लोव्हिना म्हणाली, "कदाचित निघाली नसेल."

मी शाळेची घंटी वाजवली. तीन आखूड.

"ती एक वाजता निघाली," मिस प्रुइट रडतच बोलली. "मी तिच्या डोक्याला माझी शालसुद्धा बांधली. ऑर्फाबाई, तुम्हीच म्हणालात की..."

"मी काय म्हणाले ते मला ठाऊक आहे."

शाळेतून आमच्याकडं येताना निम्म्या वाटेवर हॉगनांचं फाटक लागतं. त्यांचं घर कुंपणापासून बरंच आत आहे, अशा हवेत दिसायचं नाही. त्या सबंध वाटेवर दुसरं घर नाही. वीस मिनिटांत तट्टू किती गेलं असेल? मी मनात हिशेब करत होते आणि हात हँडलवर होता. खालच्या बाजूच्या घरांना घंटी दिली, कुणाचा पुरुष माणूस घोड्यावर बाहेर आहे का म्हणून. शाळेला परत दिली, तट्टू उलटं गेलं का म्हणून. ट्रिंबलला दिली. परत शाळेला. हॉगनांना तेवढी दिली नाही, त्या घराशी माझं बोलणं नव्हतं. माझं चित्तच थाऱ्यावर नव्हतं. ते हँडल फिरवलं की पोर इंचभर जवळ येते, असं काहीतरी मला वाटत असावं.

"बाई, धीर धरा," ट्रिंबल म्हणाला. त्याच्या आवाजात आता हसू नव्हतं. "पोरगी शहाणी आहे. वॉरननं शिकवलंय तिला. वाट हरवली की कुंपण धरायचं आणि सोडायचं नाही. कुंपण धरून येईल."

"हो. कुंपण धरून येईल," मी लोव्हिनाला सांगितलं. "शिकवलंय तिला."

लोव्हिना चुलीजवळ उभी होती, तान्हं खांद्यावर. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी पाहिलं, अगदी कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"आई," ती म्हणाली, "कुंपणाशी बर्फ किती आहे?"

"आहे की, जानेवारीपासूनचा. गुरं त्यावरून पलीकडं जाताहेत म्हणून वॉरन ओरडत..." मी म्हटलं, आणि हात शाळेची घंटी द्यायला परत हँडलवर नेला.

लोव्हिनानं झडप घालून माझं मनगट धरलं. इतकी ताकद तिच्यात आहे हे मला माहीत नव्हतं. तान्हं किंचाळलं.

"खालच्या तारा गाडल्या गेल्यात! एकच तार वर आहे!"

मग मला समजलं.

ही पेटी अशी आहे की हँडल फिरवलं की तारेत काहीतरी सळसळत जातं, आणि तारेला कुणाचा हात असला तर ते त्याला चावतं. माणूस मरत नाही, पण घोड्यानं कोपराला लाथ घालावी तसा हात आपोआप उडतो. पोरं उन्हाळ्यात एकमेकांना पैजा लावून धरायला लावतात. मागच्या जूनमध्ये डेलाला धरताना मीच पाहिलं आणि तिच्या हातावर चमच्यानं दिलं. "वरच्या तारेला हात लावायचा नाही. चावते ती." आणि डेला ऐकणारी पोर आहे.

ती आत्ता बाहेर तीच तार धरून येत होती, कारण धरायला दुसरी नव्हती. आणि मी घरात, उबेत उभी राहून, तिचा हात त्या तारेवरून उडवत होते.

किती वेळा? मी बोटांवर मोजलं. नऊ.

अशा वादळात कुंपणापासून चार पावलं बाजूला गेलेला माणूस एप्रिलमध्ये सापडतो. मी अशी दोन माणसं पाहिली आहेत. एक तर स्वतःच्या कोठारापासून तीस फुटांवर.

*

रिसीव्हर लोंबकळत होता. त्यातून ट्रिंबल "बाई? बाई?" करत होता. मी तो उचलला.

"मला ठाऊक आहे, तुम्ही सगळे ऐकताय," मी म्हटलं. "आज मी कुणाला काही बोलणार नाही. ऐका. डेला वरची तार धरून चालते आहे. आता कुणीही, कुणीही हँडलला हात लावायचा नाही. घराला आग लागली तरी नाही."

मग ट्रिंबल म्हणाला, "अरे देवा." मग तो पुढं म्हणाला, "ऐकलंत ना सगळ्यांनी? नावं सांगा एकेक. मी ट्रिंबल. माझे हात खिशात."

एकेक जण नाव सांगत गेला. पेटिबोन. दोन्ही मॅकब्राइड भाऊ. खालची पोस्टवाली बाई. अशी माणसं की ज्यांना मी वर्षानुवर्षं चोरून ऐकल्याबद्दल शिव्या दिल्या होत्या, आणि आज ती चोरून ऐकत होती म्हणून मी देवाचे आभार मानत होते. शाळा धरून नऊ नावं झाली, आमचं दहावं.

"हॉगन?" ट्रिंबलनं विचारलं. "वेंडलाबाई, आहात का?"

काही नाही.

ती नव्हतीच. वेंडला हॉगन नॉर्वेची. बाई धडधाकट, कामाची, पण कान लांब. मागच्या शरदात मी तारेवर पोस्टवाल्या बाईशी माझ्या नव्या कवळीबद्दल बोलले, आणि रविवारी प्रार्थनेनंतर ही सगळ्यांसमोर विचारते, "काय ऑर्फाबाई, मका चावता येतो का आता?" दुसऱ्या दिवशी मी तारेवर तिला असं सोललं की दहा घरांना ऐकू गेलं. म्हटलं, तुझ्या देशात डुकरांना तरी झोपताना कान मिटता येत असतील. तेव्हापासून तिनं स्वतःच्या घंटीशिवाय एकदाही रिसीव्हर उचललेला नाही. वाईट खोड सुटली, असं मी आनंदानं सांगत फिरले होते.

आता अख्ख्या ओढ्यावर हँडल फिरवू शकेल असं तेवढं एक घर उरलं होतं, तेही त्याच वाटेवरचं. आणि तिला "फिरवू नकोस" हे सांगायचं तर तिची घंटी द्यायला हवी. चार लांब.

मी लोव्हिनाकडं पाहिलं. ती फक्त "नाही" म्हणाली.

"मी घोडं काढतो," ट्रिंबल बोलला.

"तू पाच मैलांवर आहेस, म्हाताऱ्या. तुला शोधायला मग कोण जाईल? बस तिथंच." मी रिसीव्हर लोव्हिनाच्या हातात दिला. "मी जाते."

"मी जाते, आई."

"तू वाटेत राहिलीस तर या तान्ह्याला मी काय पाजू? माझी कवळी? इथं बस. हे कानाला लाव. कुणी घंटी द्यायला लागलं तर ओरड."

मी वॉरनचा जुना कातडी कोट चढवला, डोक्यावर धान्याचं पोतं घेतलं आणि मफलर करकचून गुंडाळला. कंबरेला चाळीस फुटी दोर बांधला. लोव्हिनानं माझ्या हातात दोन हातमोज्यांवर आणखी दोन हातमोजे घातले, लहान मुलाला घालतात तसे, आणि एकदाही माझ्याकडं वर पाहिलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. काहीही बोलली असती तरी.

*

घरापासून गोठ्यापर्यंत आम्ही हिवाळाभर दोर बांधून ठेवतो, तिथवर ठीक. गोठ्यापासून कुंपण हाताला लागतं. पण आमच्या फाटकाशी तार दोन उंच खांबांवरून डोक्यावरनं जाते, खालून गवताची गाडी जावी म्हणून. म्हणजे पलीकडच्या खांबापर्यंत हाताला काहीच नाही. सोळा पावलं. रोज मी ती कपड्यांची बादली घेऊन चालते.

ती सोळा पावलं मी गुडघ्यांवर केली. दोर अलीकडच्या खांबाला बांधला, रांगत गेले, हात पुढं फिरवत. एकदा वाटलं चुकले. मग मोज्याला खांब लागला. दोर हिसडून सोडवून घेतला, आणि वरच्या तारेला हात घातला.

तार कंबरेइतकी होती. खाली बर्फ दगडासारखा घट्ट. वारा तोंडावर तिरका येत होता, त्यात बर्फ नव्हे, वाळूच असावी अशी. डोळ्यांच्या पापण्या चिकटायच्या, त्या मी मोज्यानं फोडायची. हाताला तार, काटा, तार, काटा, मग खांब. मी खांब मोजत होते. मैलाला तीनशेतीस. शंभरच्या पुढं माझी गणती नेहमीच चुकते, म्हणून दर शंभराला एक बोट दुमडायचं ठरवलं, आणि मग मोज्यात बोटच कळेना.

"डेला!"

शब्द तोंडातून बाहेर पडायचा आणि वारा तो परत घशात कोंबायचा.

मला सारखं एकच दिसत होतं. तिचा हात तारेवर. तो उडतो. ती चाचपडते, परत धरते. पुन्हा उडतो. सहा वेळा धरेल, सात वेळा धरेल. नवव्या वेळी नऊ वर्षांची पोर त्या तारेला परत हात का लावेल? आजीनंच सांगितलंय ना, चावते म्हणून.

पहिलं बोट दुमडून झाल्यावर कुंपणाशी एक उंचवटा लागला. लांबट, वळकटी करून झोपलेल्या पोराएवढा. मी त्यावर पडलेच. दोन्ही हातांनी उकरलं. केस लागले. मी ओरडले की नाही ते आठवत नाही. केस राठ होते, मग शिंगाचं बुड लागलं. हरीण. केव्हातरी जानेवारीत मेलेलं. मी त्याला धरून बसले, देवाला काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. मग उठले.

त्यापुढं किती गेले ते सांगता येणार नाही. पाय माझे नव्हते. आणि मग माझ्या हाताला तारेवर काहीतरी मऊ लागलं.

निळा हातमोजा. तिचा. मीच विणलेला, अंगठ्याशी दुहेरी दोरा घालून. काट्यात अडकून फडफडत होता. रिकामा.

मी मोज्याच्या अलीकडं पाहिलं, पलीकडं पाहिलं. तार होती, खांब होता, पोर नव्हती.

मला जे कळलं ते असं: तार चावली, हात उडाला, मोजा काट्यात राहिला, आणि पोर हात चोळत वाऱ्याबरोबर खाली गेली. वारा ढकलतो त्या बाजूला, डावीकडं, मोकळ्या रानात. तिथं सहा मैल सेजच्या झुडपांशिवाय काही नाही.

दोराचं एक टोक खांबाला बांधून, दुसरं कंबरेला ठेवून मी डावीकडं गेले. चाळीस फूट. हात पसरून अर्धं वर्तुळ घातलं. पायांनी बर्फ चाचपला. काही नाही. दोर धरून परत आले. परत गेले. काही नाही. तिसऱ्यांदा परत येऊन खांबाशी उभी राहिले आणि माझ्या मनात अगदी शांतपणे आलं, की ती चाळीस फुटांच्या पुढं आहे. दोर आखूड आहे, एवढाच काय तो प्रश्न.

मी कंबरेची गाठ सोडायला लागले.

हे मी करत होते, चाळीस वर्षं या ओढ्यावर काढलेली बाई, जिनं प्रत्येक पोराला शिकवलं की कुंपण सोडायचं नाही. उजवा हात तारेवर होता, डाव्यानं गाठ ओढत होते. गाठ गोठली होती. मी ती दातांनी धरली. कवळी हलली. एक फेरा सुटला.

तेव्हा तार चावली.

खांद्यापर्यंत लाथ बसली, लांब. थांबली. मग आखूड. मग आखूड. आमच्या घराची घंटी होती ती. कुणीतरी माझ्याच घरी फोन करत होतं आणि तो माझ्या हाडांतून जात होता. वेंडला! मी तिला जी शिवी दिली ती नॉर्वेपर्यंत गेली असेल.

आणि समोरून, कुंपणाच्या रेषेत, किंचाळी आली.

बारीक, चिडलेली. वारा तिकडूनच येत होता म्हणून माझ्यापर्यंत पोचली. मी गाठ तशीच टाकली, दोराचं खांबाकडचं टोक हिसडून सोडवलं आणि तारेवरून हात न काढता धावले. धावले म्हणजे पडले, उठले, पडले. नऊ-दहा खांब गेले असतील.

ती खांबाच्या आडोशाला बसली होती. छातीपर्यंत बर्फ, डोक्यावर मिस प्रुइटची शाल, आणि डावं कोपर तारेवरून घालून अडकवलेलं, जिना उतरताना कठडा धरावा तसं. उजवा हात उघडा. मोजा वाऱ्यानं उडून माझ्या बाजूला येऊन काट्यात अडकला होता, एवढंच झालं होतं. उघडा तळवा तारेला चिकटला होता. डोळे अर्धे मिटलेले.

"डेला! ऊठ!"

"आजी, तार चावली," ती म्हणाली. जीभ जड होती. "मी झोपले होते छान."

मी तिच्या हातावर तोंड ठेवलं आणि वाफ सोडत राहिले, तळवा सुटेपर्यंत. थोडी कातडी तारेवरच राहिली. ती रडली नाही, आणि तेच मला सगळ्यात वाईट वाटलं. तिला कोटाच्या आत घातली, दोर तिच्याभोवती आणि माझ्याभोवती एकत्र आवळला.

आता कुठं जायचं? घर मागं मैलभर. हॉगनांचं फाटक पुढं, जवळ. पण फाटकाशी तार डोक्यावरनं जाते, आणि घर आत. तेव्हा मला तो आवाज ऐकू आला. पत्र्यावर पत्रा. ढण्, ढण्, ढण्. थांबत नव्हता.

मी त्या आवाजाकडं गेले.

*

वेंडला हॉगन फाटकाच्या खांबाला स्वतःला चादरीनं बांधून उभी होती आणि कपडे धुण्याचं घंगाळ लोखंडी पळीनं बडवत होती. पत्र्याचं घंगाळ, पार चेपलेलं. मला पाहून तिनं बडवणं थांबवलं नाही, फक्त मान हलवली. मग आम्ही तिच्या दोरानं घरात गेलो.

आत गेल्यावर ती म्हणाली, "तुमचं तट्टू माझ्या गोठ्याच्या दाराशी आलं. खोगीर रिकामं. म्हणून तुमची घंटी दिली. तुमची सून कानात अशी ओरडली की मी पेटीच सोडली."

"तुला आधी कळायला पाहिजे होतं," मी म्हटलं. दात वाजत होते, तरी म्हटलं.

"कसं कळणार? मी ऐकत नाही ना कुणाचं." तिनं तसराळ्यात कोमट पाणी ओतलं. "तुम्हीच सांगितलंत."

मी हातमोजे काढले, बाह्या वर केल्या.

डेलाचा हात पाण्यात धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मेणाच्या वातीसारखं पांढरं. वेंडलानं कॉफीत दूध आणि काकवी घालून तिला चमच्यानं पाजली. हळूहळू पोर बोलायला लागली.

"मी खाली उतरले आजी, कारण वरून तार दिसेना. लगाम या हातात, तार त्या हातात. मग तार चावली. मग परत चावली. तिसऱ्यांदा चावली तेव्हा मी उडी मारली आणि लगाम सुटला. पेनी गेली पळून." तिनं नाक ओढलं. "मग मी कोपर अडकवलं, म्हणजे चावली तरी सुटायला नको. मग चावायची थांबली. मग मला झोप आली."

वेंडला चमचा धरून तशीच राहिली.

"आजी, एवढा वेळ कोण फोन करत होतं?"

खिडकीत अजून पांढरंच होतं. भिंतीवर हॉगनांची पेटी होती, आमच्यासारखीच, हँडल चमकत असलेली. मी तिकडं पाहिलं नाही.

"मी," मी म्हटलं.

डेला विचार करत होती. "मग मला न्यायलाही तूच आलीस होय," ती म्हणाली, आणि डोळे मिटायला लागली. वेंडलानं तिच्या गालावर टिचकी मारली. "नाही हं बाळ. झोपायचं नाही. गाणं म्हण. पाढे म्हण."

लोव्हिनाला सांगायला हवं होतं. मी उठले आणि पेटीशी गेले. हात सवयीनं हँडलकडं गेला आणि मध्येच थांबला, आपण होऊन. मग मी नुसता रिसीव्हर उचलला.

तारेवर कुणी बोलत नव्हतं. पण सगळे होते. इतके रिसीव्हर उचललेले की खरखरसुद्धा बारीक झाली होती, आणि तिच्याआड माणसांचे श्वास.

"लोव्हिना," मी म्हटलं.

"आई?"

"सापडली. जिवंत आहे. हॉगनांकडं आहोत."

कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडला. ट्रिंबल खोकला. लोव्हिना मात्र काहीच बोलली नाही, आणि मला कळलं की ती आणखी कशाची तरी वाट पाहते आहे. अकरा घरं ऐकत होती. हे नंतर कधीतरी, घरी, दार लावून सांगता आलं असतं.

"मी पाठवली तिला," मी म्हटलं. "मिस प्रुइटची चूक नाही. तिनं विचारलं होतं. मला तुम्हा सगळ्यांदेखत भित्री ठरायचं नव्हतं, म्हणून मी पाठवली. आणि नऊ वेळा घंटी दिली तीही मीच."

मग लोव्हिनाचा आवाज आला, अगदी सपाट.

"बोटं?"

"दोन. करंगळी आणि शेजारचं."

"रंग आला?"

"अजून नाही."

"रिसीव्हर ठेवू नका, आई. रंग येईपर्यंत ठेवू नका."

वेंडलानं खुर्ची, पोर आणि तसराळं सगळं उचलून पेटीखाली आणलं. मी एका हातानं रिसीव्हर धरला आणि दुसऱ्यानं डेलाचं मनगट. वेंडला थोडं थोडं गरम पाणी घालत राहिली. डेला सातचा पाढा म्हणत होती, चुकत होती, वेंडला तो नॉर्वेच्या भाषेत दुरुस्त करत होती. आम्ही दोघी त्या दोन बोटांवरून नजर काढत नव्हतो. मधून मधून कानात लोव्हिना विचारायची, "आई?" आणि मी म्हणायची, "अजून नाही." एकाही घरानं रिसीव्हर खाली ठेवला नाही.

करंगळी लाल झाली तेव्हा साडेपाच वाजले होते. डेला तेव्हा कुठं पहिल्यांदा मोठ्यानं रडली, आणि ते रडणं सगळ्या ओढ्यानं ऐकलं.

"दुसरं?" लोव्हिनानं विचारलं.

मी वेंडलाकडं पाहिलं. तिनं ते बोट दोन चिमटींत धरून दाबलं, वळवलं, दिव्याजवळ नेलं. मग माझ्याकडं बघून मान हलवली.

"नाही, बाळ," मी लोव्हिनाला सांगितलं. "दुसऱ्याला येणार नाही."